मीठ पाहणे

रेक्तिफिकार दे साल.
स्पॅनिश पाककृतीत हे शेवटून दुसऱ्या ओळीत येतं,
भांडं उतरवण्याच्या जरा आधी.
शब्दकोश म्हणतो: सरळ करणे, सुधारणे, दुरुस्त करणे.
म्हणून आधी लिहिलं, ‘मिठाची दुरुस्ती करावी’,
आणि सिव्हिल लाइन्समधल्या माझ्या जुन्या टेबलाचा वास आला.

तेहतीस वर्षं महालेखाकार कार्यालयात
मी दुसऱ्यांच्या वह्या दुरुस्त केल्या.
लाल शाई, आक्षेप क्रमांक, खुलासा मागवावा.
निवृत्तीनंतर हौसेनं स्पॅनिश शिकलो,
आता एका केटरिंग कॉलेजसाठी
पानामागे चाळीस रुपयांनी
वालेन्सियाचा भात मराठीत आणतो.
बाहेर सेहेचाळीस डिग्री,
कूलरच्या ताट्यांना ओल्या वाळ्याचा वास.

किती मीठ, ते पुस्तक सांगत नाही.
चमचा नाही, ग्रॅम नाही.
नुसतं: दुरुस्त करा.
आमच्याकडे असं बिल परत गेलं असतं.

संध्याकाळी महालात,
शेवंताबाई पौनीकरांच्या खाणावळीत.
पाटोडीचा रस्सा, वर बोटभर तर्री.
विचारलं, बाई, उतरवायच्या आधी शेवटी काय करता?
‘काय करतो? मीठ पाह्यतो.’

मीठ पाह्यतो!
जे विरघळून गेलं, कुठेच दिसत नाही,
ते आपल्या भाषेत पाहायचं असतं.
आपण बोलून पाहतो, मागून पाहतो,
वाट तर जन्मभर पाहतो.
मीठ तळहातावर.

त्यांनी पळी पुढे केली. ‘हात करा.’
मला वाटलं, पाहुणचार.
मग भिंतीकडे बघत, हळूच:
मागच्या साली तापातून उठल्या
तेव्हापासून जिभेला काही कळत नाही.
कांदा झाला की नाही, ते रंग सांगतो.
तिखट डोळे सांगतात.
मिठाचं कोणीच सांगत नाही.
नातू सांगायचा, तो आता पुण्याला शिकतो.
गिऱ्हाइकाला अजून कळू दिलेलं नाही.

चटका बसला. चाटलं.
इतका वेळ मी कुठल्याही आकड्यावर
थांबलो नव्हतो.
‘अळणी आहे. चिमूटभर.’
कोणाची चिमूट, त्यांची की माझी,
हे विचारायचं राहून गेलं.
त्यांनी त्यांची टाकली, ढवळलं, पुन्हा पळी.
‘आता?’
आता बरोबर.

नैवेद्याचं मात्र त्या मला चाखू देत नाहीत.
देवाला अळणी गेलं तर जातं.
त्याने आजवर खुलासा मागवलेला नाही.

आणि जास्त पडलं तर?
‘कणकेचा गोळा सोडायचा. थोडं ओढून घेते.
नाहीतर पाणी वाढवायचं, माणसं बोलवायची.
मीठ काढता येत नाही, साहेब. घालताच येते.’

त्या रात्री मला उमरेडचा एक रोखपाल आठवला,
डोमाजी कुंभलकर.
सात रुपये पंचवीस पैशांचा फरक
मी लाल शाईने दुरुस्त केला होता.
त्याची बढती दोन वर्षं अडकली.
पाणी वाढवायचं मला सुचलं नाही.
माणसंही नाही.

सकाळी ओळ खोडली.
नवी लिहिली: ‘मीठ पाहावे.’
कॉलेजच्या मॅडमनी फोन केला,
‘पाहावे’ जरा मोघम नाही का वाटत?
कोणी पाहावे, कसे पाहावे?
मोघम आहे, म्हटलं. राहू द्या.
घड्याळात सव्वासहा झाले होते.
मला महालात पोचायचं होतं,
रस्सा उतरायच्या आत.